संशयाला खर्च येत नाही

डॅरेन अ‍ॅरोनॉफ्स्कीने 'पाय' हा आपला पहिला सिनेमा केला तेव्हा बाहेरच्या चित्रीकरणाचे परवाने त्याच्याकडे नव्हते. न्यूयॉर्कमध्ये कॅमेरा लावला की एका माणसाला नुसतं पोलिसांवर नजर ठेवायला उभं करायचं आणि पोलीस दिसले की काम थांबवायचं, असा सगळा चोरटा मामला. आता गंमत अशी की कॅमेऱ्यापुढे जो चाललाय तो मॅक्स कोहेन नावाचा गणिती आहे, आणि आपल्या मागावर कोणीतरी आहे या धास्तीने तो सारखा मागे वळून बघतोय. कॅमेऱ्यामागची मंडळीही सारखी मागे वळून बघतायत. त्या सिनेमात जी एक घामेजलेली, दम लागलेली घाई आहे ती नुसत्या अभिनयातून आली असेल असं मला वाटत नाही.

१९९८ साली आलेल्या या सिनेमाचा खर्च साधारण ६०,००० डॉलर. मित्र, नातेवाईक, ओळखीपाळखीचे लोक यांच्याकडून शंभर-शंभर डॉलर गोळा केलेले. सिनेमा चालला तर दीडशे परत, हा वायदा. फिल्म वापरली ती १६ मिलिमीटरची कृष्णधवल रिव्हर्सल. या फिल्मवर निगेटिव्ह न बनता थेट चित्रच उमटतं, आणि प्रकाशाचं जरा चुकलं तर ती ते पोटात घालत नाही. उजेड थोडा जास्त झाला की पांढरंफटक, थोडा कमी पडला की काळंठिक्कर. मधल्या करड्या छटांना तिथे फारसा थारा नाही. काही दृश्यांत तर कॅमेरा नटाच्या अंगालाच बांधलाय. त्यामुळे मॅक्सचा चेहरा जागच्या जागी राहतो आणि मागे अख्खं शहर हिंदकळतं. सनडान्स महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं ते या सगळ्याला.

असे सिनेमे मी आवडीने बघते. शक्यतो एकटीने, रात्री, कानाला हेडफोन लावून. समोर जे घडतंय ते खरं आहे की त्या पात्राच्या डोक्यातलं, हे कळू न देणारे सिनेमे. त्यांच्याबद्दल बोलताना लोक एक वाक्य हमखास टाकतात: "बजेट कमी असूनही छान केलाय." मला तो 'असूनही' पटत नाही. या जातीच्या सिनेमाला गरिबी मानवते. पैसा आला की बहुतेकदा तो बिघडतो.

कारण संशयी मन कमालीचं काटकसरी असतं. ते काहीच वाया जाऊ देत नाही. तुमच्याआमच्या डोक्यात दिवसभरात कितीतरी गोष्टी शिरतात आणि तशाच बाहेर पडतात: कोणाचा तरी खोकला, खाली थांबलेली गाडी, दोनदा वाजून बंद झालेला फोन. आपण त्या सोडून देतो. संशयी मन सोडत नाही. खोकला ही खूण असते, गाडी कालचीच असते, फोन दोनदाच का वाजला याला कारण असतं. हाताशी असलेल्या मूठभर वस्तूंतून ते अख्खा कट उभा करतं. कमी पैशातल्या दिग्दर्शकाचं तरी दुसरं काय चाललेलं असतं? एक खोली, तीन नट, एक टेलिफोन, एक दार. दार नुसतं उघडून-मिटून त्याचं भागत नाही. त्या दाराला तीन वेगवेगळी कामं करावी लागतात. राम गोपाल वर्मांचा 'कौन' (१९९९) आठवा. एक घर, बाहेर कोसळता पाऊस, तीन माणसं आणि एकही गाणं नाही. त्यातली दाराची घंटा चौथ्या नटाइतकं काम करून जाते.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्लाउस कॉनराड यांनी १९५८ साली स्किझोफ्रेनियाच्या सुरुवातीच्या अवस्थांवर एक पुस्तक लिहिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी रुग्णालयात तपासलेल्या सैनिकांच्या नोंदी त्यामागे होत्या. त्यांनी पहिल्या अवस्थेला नाव दिलं ते नटांच्या बोलीतलं: रंगमंचावर पाऊल टाकण्याआधी जी धडधड होते, तिचं. काहीतरी घडणार आहे. काय ते माहीत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे आणि मलाच सांगत नाहीयेत. हवा बदललीय. माणसं नेहमीसारखीच बोलतायत, पण जरा जास्तच नेहमीसारखी. मग कधीतरी दुसरी अवस्था येते आणि एका झटक्यात सगळं जुळतं. जे जे आजूबाजूला आहे ते माझ्यासाठी मुद्दाम मांडलेलं आहे, ही माणसं वेश घेऊन आली आहेत, हा पेला इथे उगाच ठेवलेला नाही. या जुळण्यात भीती तर असतेच, पण सुटकाही असते. धडधड थांबते. उत्तर मिळालेलं असतं.

हे वाचताना माझ्या मनात आलं की सिनेमातल्या एखाद्या पात्राला असं वाटलं, तर त्याचं काय चुकलं? त्याच्या जगात खरंच पेला मुद्दाम ठेवलेला असतो! रस्त्यावरची माणसं खरंच सांगून उभी केलेली असतात, आणि भिंतीपलीकडून खरंच कोणीतरी बघत असतं. ते कोणीतरी म्हणजे आपण. आपल्यालाही हे शिकवलेलं असतं. कॅमेरा सुरीवर क्षणभर जास्त थांबला की आपण ती सुरी मनात नोंदवून ठेवतो. मागच्या बाकावर तोच माणूस दुसऱ्यांदा दिसला की आपण सावध होतो. थ्रिलर बघणं म्हणजे तास-दीड तास ठरवून संशयी होणं. फरक एवढाच की आपल्याला नंतर दिवे लावता येतात.

हा डाव ज्याने सगळ्यात निष्ठुरपणे आपल्यावरच उलटवला तो म्हणजे लॉज केरिगनचा 'क्लीन, शेव्हन' (१९९३). पैसे जमतील तसतसं, थांबत थांबत, दोनेक वर्षांत पुरा झालेला सिनेमा. पीटर विंटर नावाचा स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला माणूस इस्पितळातून बाहेर पडून दत्तक दिलेल्या आपल्या लहान मुलीच्या शोधात निघतो. गाडीच्या काचा त्याने वर्तमानपत्रांनी झाकल्यात, आरसे झाकलेत. आपल्या डोक्यात रिसीव्हर बसवलाय आणि बोटाच्या नखाखाली ट्रान्समीटर, अशी त्याची खात्री आहे. त्या नखाचं पुढे तो जे करतो, ते बघताना मी दर वेळी हेडफोन काढून ठेवते. दृश्य तितकंसं दाखवलेलं नसतंच. आवाज सोसवत नाही. सिनेमाभर विजेच्या तारांची गुणगुण, रेडिओची खरखर, अर्धवट वाक्यं, शिव्या. तारांचे खांब एकामागून एक जात राहतात आणि आपल्यालाही वाटायला लागतं की त्या तारांतून काहीतरी बोललं जातंय.

आणि याच्या मागावर एक पोलीस अधिकारी आहे. लहान मुलींच्या खुनाचा तपास चालू आहे. सुरुवातीलाच एक मुलगी दिसते, चेंडू दिसतो, किंचाळी ऐकू येते. बस्स. एवढ्यावर आपण निकाल लावून मोकळे होतो. पुढे त्याच्या हातातली प्रत्येक वस्तू आपण त्या निकालाला जोडत जातो. त्याच्या गाडीची डिकी उघडली की आपला श्वास अडकतो. तो पोलीस अधिकारीही तेच करतोय, इकडचा तुकडा तिकडे लावतोय, आणि शेवटी त्याच्या हाती पुरावा म्हणावा असं काही लागत नाही. खून पीटरने केला की नाही हे सिनेमा सांगतच नाही. मग जोडाजोड कोण करत होतं? ज्याच्या डोक्यात रिसीव्हर आहे तो, की आपण? पहिल्यांदा बघितला तेव्हा शेवटाकडे माझा त्या दिग्दर्शकावर चिडून जळफळाट झाला होता. त्या रागातच सगळं आलं.

आवाजाचं तंत्र काही नवं नव्हे. १९६२ सालचा 'कार्निव्हल ऑफ सोल्स' अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स गावी शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट बनवणाऱ्या हर्क हार्वीने केला. तेहतीसेक हजार डॉलरांत, त्याचा हा एकुलता एक कथापट. सॉल्ट लेकच्या काठावरचा ओस पडलेला जुना मनोरंजन मंडप त्याच्या नजरेत भरला आणि त्यावरून पुढचं सुचलं. फिकट चेहऱ्याचं मुख्य भूत त्याने स्वतःच उभं केलं. त्यात एक प्रसंग आहे: नायिका कपड्यांच्या दुकानात पोशाख घालून बघते, बाहेर येते, आणि कोणालाच ती दिसत नाही, ऐकू येत नाही. यासाठी हार्वीने काय खर्च केला? उलट वाचवला. दुकानातले सगळे आवाज काढून टाकले. फक्त तिची पावलं आणि तिचा आवाज ठेवला. मग ती बागेत येते, एक पक्षी ओरडतो आणि जग पुन्हा ऐकू यायला लागतं. लाखोंच्या स्पेशल इफेक्टने माझ्या पोटात असा गोळा आलेला मला आठवत नाही.

'रिपल्शन'मधला (१९६५) ससाही त्यातलाच. स्वयंपाकासाठी सोललेला ससा ताटलीत तसाच राहतो. दिवस किती गेले हे सांगायला कॅलेंडर नाही, घड्याळ नाही. ससा सडत जातो, माश्या घोंगावतात, बटाट्यांना कोंब फुटतात. भिंतींना तडे जातात ते नायिकेच्या मनातले. ससा मात्र खराच आहे, आणि पडद्यावर दोन्ही सारख्याच उजेडात दिसतात. मग एक दिवस तिच्या पर्समधून त्याचं मुंडकं निघतं आणि ते बघणाऱ्या मैत्रिणीच्या चेहऱ्यावरून आपल्याला कळतं की तिच्या डोक्यातलं आता बाहेर आलंय.

भ्रमाला कच्चा माल लागतो, आणि तो त्या त्या काळाकडून उसना घेतलेला असतो. याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात विलक्षण उदाहरण सिनेमाच्या कितीतरी आधीचं आहे. जेम्स टिली मॅथ्यूज हा लंडनचा चहाचा व्यापारी. ब्रिटन आणि क्रांतीनंतरचं फ्रान्स यांच्यात समेट घडवायला म्हणून तो मध्यस्थ बनून पॅरिसला गेला. तिथे त्याच्यावर हेर असल्याचा संशय घेऊन त्याला काही वर्षं डांबून ठेवलं. परत आल्यावर त्याने हाऊस ऑफ कॉमन्सच्या सज्जातून लॉर्ड लिव्हरपूल यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ओरडून केला आणि १७९७ साली त्याची रवानगी बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळात झाली. त्याचं म्हणणं असं की लंडनमध्येच एका तळघरात सात जणांची टोळी 'एअर लूम' नावाचं यंत्र चालवते. वायूंच्या लहरी सोडून माणसांची मनं विणते, उसवते. यंत्र चालवणारी एक हातमोजेवाली बाई होती, टोळीचा म्होरक्या 'बिल द किंग' होता. मॅथ्यूज काही अडाणी नव्हता. त्याने त्या यंत्राचा नीटस, मोजूनमापून काढलेला आराखडा बनवला. त्याचे नातेवाईक तो शहाणा आहे म्हणून त्याला सोडवायला बघत होते, तेव्हा इस्पितळातल्या जॉन हॅसलम यांनी तो वेडाच आहे हे सिद्ध करायला १८१० साली अख्खं पुस्तक लिहिलं आणि तो आराखडा त्यात छापला.

यंत्रमागांचा आणि नव्याने सापडत असलेल्या वायूंचा तो काळ. म्हणून मॅथ्यूजच्या छळाचं यंत्रही वायूवर चालणारा माग. पुढे १९१९ मध्ये व्हिक्टर टाउस्क यांनी अशाच अदृश्य यंत्रांवर निबंध लिहिला तेव्हा त्यांच्या रुग्णांच्या यंत्रांत बॅटऱ्या आणि तारा आल्या होत्या. मग रेडिओ, मग नखाखालचा ट्रान्समीटर, मग मॅक्स कोहेनचा खोलीभर पसरलेला संगणक. पण मॅथ्यूजच्या गोष्टीत मला खुपतं ते वेगळंच. सरकारांच्या गुप्त व्यवहारांत तो खरंच होता. त्याला खरंच कैदेत टाकलं होतं. त्याने केलेल्या गुंत्यात एक धागा सच्चा होता, आणि तो उपसून काढायला कोणी बसलं नाही.

'बग' (२००६) या सिनेमाचा जीव याच धाग्यात आहे. ट्रेसी लेट्सच्या नाटकावरून विल्यम फ्रीडकिनने केलेला. ओक्लाहोमातल्या एका कळकट मोटेलची खोली, तिथे राहणारी अ‍ॅग्नेस नावाची वेट्रेस आणि तिच्याकडे येऊन राहिलेला पीटर हा माजी सैनिक. पीटरला वाटतं की सैन्याने आपल्यावर प्रयोग केले आणि आपल्या कातडीखाली किडे सोडले. आता हे वेडेपणाचं म्हणून झटकून टाकावं, तर अमेरिकी सैन्याने मेरीलँडमधल्या एजवुडला सैनिकांवर रसायनांचे प्रयोग केलेच होते, आणि सीआयएने १९५३ पासून चालवलेला मनावर ताबा मिळवण्याचा 'एमकेअल्ट्रा' हा कार्यक्रमही १९७५ साली चव्हाट्यावर आलाच होता. त्याची बहुतेक कागदपत्रं त्याआधी दोन वर्षं मुद्दाम नष्ट केली गेली होती. नष्ट केलेल्या फायलींपेक्षा मोठं कुरण संशयाला कुठलं मिळणार? कागद नाहीत हाच पुरावा होऊन बसतो.

कातडीखाली किडे असल्याची खात्री ही काही लेखकाची कल्पना नाही. स्वीडनच्या कार्ल एकबॉम यांनी १९३८ साली या विकाराचं सविस्तर वर्णन केलं. असे रुग्ण डॉक्टरकडे येताना पुरावा घेऊन येतात. काड्यापेटी उघडून समोर धरतात: हे बघा. आत असतात सुती धागे, कातडीचा पोपडा, धुळीचा कण. वैद्यकात या काड्यापेटीला लक्षणाचा मान आहे. मला तो हात डोळ्यांसमोर येतो, पेटीचा खण बोटाने पुढे सरकवणारा. किती रास्त मागणी आहे त्याची! बघा आणि सांगा.

आपल्या रंगभूमीने संशयाला विनोदात बसवलं. देवलांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये फाल्गुनरावाचा संशय घराघरांतून, माणसामाणसांतून हिंडतो, तसबिरीवरून भलतेच अर्थ निघतात, आणि शेवटी सगळी मंडळी समोरासमोर आली की गाठी सुटतात. तिथे साक्षीदार भरपूर असतात. 'बग'मध्ये कोणी येत नाही. जे येतात त्यांना बाहेर काढलं जातं. भिंतींना चंदेरी फॉइल चिकटवली जाते, किडे मारणारे निळे दिवे लागतात, आणि दार बंद होतं ते होतंच.

आत दोघं आहेत, हे मात्र महत्त्वाचं. एकाचा भ्रम दुसऱ्याला लागतो, या प्रकाराची फ्रान्समध्ये लासेग आणि फाल्रे यांनी १८७७ सालीच नोंद करून ठेवली होती. पण अ‍ॅग्नेसला तो का लागतो हे ज्या बारकाईने 'बग' दाखवतो, तसं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. तिचा लहान मुलगा काही वर्षांपूर्वी दुकानातून नाहीसा झालाय. ती क्षणभर दुसरीकडे वळली तेवढ्यात. कोणी नेला, का नेला, काही कळलेलं नाही. पीटरचे किडे तिला पहिल्यांदा दिसत नाहीत. ती डोळे बारीक करकरून बघते, कारण हा माणूस निघून जायला नको असतो. आणि शेवटाकडे ती जे एक लांबलचक, अंगावर येणारं भाषण करते त्यात मुलगा, तुरुंगातून सुटलेला माजी नवरा, सैन्य, किडे, सगळं एकाला एक जुळत जातं. कॉनराड यांनी लिहिलेला तो झटका हाच. मुलगा उगाच हरवला नाही, त्यामागे कारण होतं. ज्या आईला इतकी वर्षं कोणी कारण दिलं नाही, तिने ते किड्यांकडून घेतलं तर तिला मी काय सांगू?

हे मी एवढ्या हट्टाने लिहितेय त्यामागे माझी मावशी आहे. शेवटच्या काही वर्षांत तिची खात्री झाली होती की रात्री घरात कोणीतरी येतं. काही नेत नाही. फक्त वस्तू हलवतं. "अगं, चोर असता तर बरं झालं असतं," ती म्हणायची, "चोराला काहीतरी हवं तरी असतं." तिने शिवणाच्या पेटीतला पांढरा दोरा काढला आणि कपाटाच्या दोन मुठींना आडवा बांधायला सुरुवात केली. रोज रात्री, गाठ मारून, टोक दातांनी तोडून. सकाळी आधी दोरा बघायचा, मग चहा. मी तिच्याकडे राहायला गेले की आधी समजूत घालायचे, पुरावे द्यायचे, दाराची कडी दाखवायचे. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुला कळू नये म्हणूनच तर ते असं करतात गं." या वाक्याला उत्तर नाही. कुठलाच पटकथालेखक याहून घट्ट वाक्य लिहू शकत नाही.

एका सकाळी दोरा तुटलेला होता. वाऱ्याने तुटला असेल, तिनेच रात्री कपाट उघडून नंतर विसरली असेल, दोरा जुना असेल. मला हे सगळं सुचलं. पण सुचायच्या आधी, दोरा पाहिला त्या पहिल्या क्षणी, मी खोलीच्या कोपऱ्याकडे बघितलं होतं. मावशीने ते टिपलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते भीतीचं नव्हतं. कोणीतरी सोबतीला आलं, असं काहीतरी होतं. त्यानंतर मी तिथे असले की रात्री दोरा बांधताना गाठीवर बोट मी धरायची. डॉक्टरांना सांगितलं होतं, गोळ्या चालू होत्या, ते सगळं आपल्या जागी. दोऱ्यावर आम्ही पुन्हा वाद घातला नाही.

म्हणून असल्या सिनेमांच्या शेवटावर जी चर्चा होते तिचा मला कंटाळा येतो. खरं होतं की भ्रम? आपल्याकडे दोरी आणि सापाचा दृष्टांत शतकानुशतकं सांगितला जातो: अंधारात दोरी सापासारखी दिसते, दिवा आणला की साप नाहीसा. धक्का देणारे बहुतेक शेवट हा दिवा आणण्यापलीकडे काही करत नाहीत. फार तर उलटं करतात, दिवा आणल्यावर दोरीच वळवळायला लागते. 'कौन'चा शेवटचा धक्का पहिल्यांदा बघताना मला जबरदस्त वाटला होता, आजही त्याच्या सफाईला दाद देते. पण दुसऱ्यांदा बघताना शेवटाची वाट बघावीशी वाटत नाही, घरातली ती बाई दार लोटून घेऊन आत उभी आहे तेच बघावंसं वाटतं. साप गेल्यावर माणसाच्या छातीतली धडधड कुठे जाते, हे तो दृष्टांत सांगत नाही. शिवाय या धक्क्यांनी एक घाण सवय लावलीय: शेवटी वेडा तोच खुनी. प्रत्यक्षात असे आजार असलेली माणसं दुसऱ्यांवर हल्ला करण्यापेक्षा स्वतः हल्ल्याला बळी पडण्याची शक्यता जास्त असते. पण काटकसरी निर्मात्याला रक्त स्वस्तात मिळतं.

पेरी ब्लॅकशियरच्या 'दे लुक लाइक पीपल'ने (२०१५) ते घेतलं नाही. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन सगळं त्याचंच, आणि मोजके नट. वायट नावाच्या तरुणाला फोनवर आवाज ऐकू येतात: माणसांच्या वेशात राक्षस पसरलेत, युद्ध होणार आहे. तो जुन्या मित्राच्या घरी येऊन राहतो आणि तळघरात हत्यारं, अ‍ॅसिड गोळा करतो. ख्रिश्चन नावाचा हा मित्र स्वतःच धड नाही. आत्मविश्वास वाढवणाऱ्या टेप ऐकत दिवस काढणारा. शेवटी ती वेळ येते तेव्हा ख्रिश्चन वायटबरोबर तळघरात उतरतो आणि आपले हात बांधून घेतो. वायटला अजून ठरवता येत नाहीये की हा माणूस आहे की राक्षस, आणि अ‍ॅसिड हाताशी आहे. सगळा थरार तेवढ्यात आहे. राक्षस खरे की खोटे हा प्रश्न मी त्या वेळी पार विसरले होते. हा उठून का पळत नाही, एवढंच डोक्यात होतं.

जेफ निकोल्सचा 'टेक शेल्टर' (२०११) त्या मानाने बऱ्या पैशांतला, पण जीव लहानच ठेवलेला. ओहायोतला कर्टिस बांधकामावर यंत्रं चालवतो. त्याला वादळाची स्वप्नं पडतात, इंजिन ऑइलसारखा तेलकट पाऊस दिसतो. त्याच्या आईला त्याच्याच वयाच्या आसपास स्किझोफ्रेनिया झाला होता, हे तो विसरू शकत नाही. मला कर्टिस आवडतो कारण तो दोन्ही करतो. वाचनालयातून मानसिक आजारांवरचं पुस्तक आणून त्यातली प्रश्नावली स्वतःच भरतो, समुपदेशकाकडे जातो. आणि त्याच वेळी बँकेतून कर्ज काढून अंगणात वादळापासून लपायचं तळघरही खणतो. मी आजारी असेन तर इलाज हवा, आणि वादळ खरं असेल तर आसरा हवा. इतका व्यवहारी भ्रमिष्ट मी पाहिला नाही.

आणि इथे पहिल्यांदाच कोणीतरी हिशेब मांडतं. कामावरचं यंत्र न विचारता खणायला आणल्याबद्दल कर्टिसची नोकरी जाते. नोकरीबरोबर आरोग्यविमा जातो, आणि त्या विम्यावर त्याच्या बहिऱ्या मुलीच्या कानाची शस्त्रक्रिया व्हायची होती. वादळ येतं तेव्हा तिघं त्या तळघरात जातात. ओसरल्यावरही कर्टिसला दार उघडवत नाही. बाहेर अजून ते चालू आहे असं त्याला ऐकू येतं. किल्ली त्याच्याकडे आहे. दार बायको उघडू शकते, पण ती उघडत नाही. तिने उघडलं तर काहीच बदलणार नाही, हे तुलाच करावं लागेल, असं ती त्याला सांगते आणि थांबते. सिनेमा संपतो तो यानंतर, समुद्रकिनाऱ्यावर, आणि तिथल्या आभाळावरून लोक अजून भांडतात. भांडू देत. मी त्या थांबलेल्या बाईपाशी असते: घरात पगार नाही, मुलीचं ऑपरेशन लटकलंय, हवा कोंदट, नवरा किल्ली धरून उभा, आणि ती त्याच्या हातातून किल्ली ओढून घेत नाही.